साऊंडवाल्या दादांना, आमच्या बँडकडून

दादा, सप्रेम नमस्कार.

दिवाळी पहाट छान झाली. आम्हाला शाल-श्रीफळ मिळालं, फोटो निघाले. तुमचा उल्लेख ‘ध्वनिव्यवस्था’ म्हणून अगदी शेवटी झाला आणि तोवर लोक फराळाकडे वळले होते. म्हणून हे पत्र तुम्हाला एकट्याला न पाठवता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

रंगमंचावर बसलेल्याला समोर काय ऐकू जातं ते कळतच नाही. मोठ्या स्पीकरची तोंडं पलीकडे, आमच्या वाट्याला फक्त पायाशी ठेवलेला मॉनिटर, म्हणजे आमच्याकडे तोंड केलेला छोटा स्पीकर. त्यात प्रत्येकाला स्वतःचा आवाज थोडा जास्त हवा असतो. कीबोर्ड वाढला की गिटार वाढते, मग गाणारी वाढवून मागते, आणि शेवटच्या रांगेत शब्द सोडून सगळं पोचतं. मंडपवाल्याबरोबर येणारा मुलगा मिक्सर लावून चहाला जायचा, तेव्हा हे वर्षानुवर्षं असंच चालायचं.

तुम्ही आधी तालमीला आलात. आमच्यासाठी हीच मोठी गोष्ट. कोपऱ्यात बसून सगळी गाणी ऐकलीत आणि यादी मागून घेतलीत: बासरी कुठे येते, कोरस कुठे, ढोलकी कुठे थांबते. पटांगणात आल्यावर पहिलं काम केलंत ते आवाज कमी करण्याचं. ‘हार्मोनियम आणि कीबोर्ड एकाच जागेत बसलेत, गाणाऱ्या ताईंनी जायचं कुठे?’ असं म्हणून दोन्हींच्या मधल्या पट्टीतला आवाज उतरवलात. माझ्या माइकवरचा १०० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे अगदी खर्जातला भाग कापलात, तशी फळ्यांवरच्या पावलांची धडधड गेली आणि ‘भ’, ‘फ’ फुटायचे थांबले. मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीशी सरकवलात, कारण तो माइक मागचं सगळ्यात कमी ऐकतो. माइकची जाळी मुठीत धरली की हा गुण जातो आणि शिट्टी वाजते, हेही आमच्या गायकाला कुणी पहिल्यांदाच नीट समजावून सांगितलं.

सकाळी सहाच्या आत उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, त्यामुळे साऊंडचेक आदल्या संध्याकाळी झाला. पण रिकाम्या पटांगणातला आवाज माणसं भरल्यावर तसा राहत नाही. पहिलं गाणं सुरू असताना तुम्ही मिक्सर सोडून मागच्या रांगांपर्यंत चालत गेलात, परत येऊन काहीतरी बदललंत. ते मी गाता गाता पाहत होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी माझा गळा मोकळा झाला. समोर आपल्यासाठी ऐकणारं कुणीतरी आहे म्हटल्यावर ओरडावं लागत नाही.

पटांगणाच्या मध्यावरचे जादा स्पीकर तुम्ही सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा वाजवलेत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे रंगमंचापासून ३४ मीटरवर तो तेवढाच उशिरा पोचणार. एरवी मागे टाळ्यांचा ठेका दुहेरी व्हायचा आणि लोक लयीतून सुटायचे. यंदा अख्खं पटांगण एका ठेक्यात होतं.

आणि तो डग्ग्याचा माइक! ऐन अभंगात गुरगुरायला लागला. मला फक्त रंगमंचाच्या कडेला टॉर्च हलताना दिसला. तुम्ही गुडघ्यांवर सरकत आलात, केबल बदललीत आणि ध्रुवपद परत यायच्या आत डग्गा पुन्हा घुमला. समोर कुणाला पत्ताही लागला नाही.

कार्यक्रमानंतर मागच्या रांगेतली माणसं कवींची नावं विचारायला आली. आजवर असं झालं नव्हतं.

आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय: यापुढे पत्रिकेत तुमचं नाव वादकांच्या रांगेत छापायचं आणि बिदागीतही वाटा वादकांइतकाच. नाही म्हणू नका.

गुढीपाडव्याच्या गाण्यांची यादी पाठवते आहे. तीन नवी आहेत, एकात हार्मोनियम अजिबात नाही. तालमीला याच, तुमची खुर्ची बासरीवाल्याशेजारी.

तुमची,
बँडमधली गाणारी ताई