ओट्यावरच्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्या ओट्यावर शिकून गेलेल्या आम्हा मुलांपैकी कुणीच तुमचे कधी नीट आभार मानले नाहीत.

अकरावीच्या पहिल्याच चाचणीत मी गणितात नापास झाले होते. एक समीकरण सरळ आणि दुसरं वर्गाचं दिसलं, की हातपाय गळायचे. ‘किंमत ठेवा आणि सोडवा’ एवढंच ऐकलं होतं; कुठे ठेवायची, का ठेवायची, हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही फी तर घेतली नाहीतच, वर रोज चहा दिलात.

पहिल्या दिवशी तुम्ही भास्कराचार्यांचं गणित घातलंत. आपल्या चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, हेही मला तेव्हाच कळलं. 1150 सालच्या ‘लीलावती’तलं ते गणित: 9 हात उंच खांबावर मोर, खांबाच्या तळाशी सापाचं बीळ, साप बिळापासून 27 हातांवर, बिळाकडे निघालेला. मोर तिरका झेपावतो, दोघं सारखंच अंतर कापतात. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल?

बिळापासूनचं अंतर क्ष, सापाने कापलेलं य. म्हणजे क्ष + य = 27 आणि क्ष² + 81 = य². य च्या जागी 27 − क्ष ठेवून मी वर्ग केला आणि 729 − क्ष² लिहून मोकळी झाले. तुम्ही रागावला नाहीत. कॅलेंडरच्या पानामागे 27 बाजूचा चौरस काढलात, दोन बाजूंनी क्ष रुंदीच्या पट्ट्या खोडल्यात आणि कोपऱ्यावर बोट ठेवलंत: “हा तुकडा दोनदा गेला बघ. एकदा परत द्यायला हवा.” 729 − 54क्ष + क्ष². दोन्हीकडचे क्ष² उडाले, 54क्ष = 648 उरलं, उत्तर 12 हात. तेव्हापासून कंस घातल्याशिवाय मी किंमत ठेवलेली नाही.

पण खरी गाठ सुटली ती लोणच्याच्या बरणीच्या झाकणाने. क्ष² + य² = 25 हे वर्तुळ आणि य = क्ष + 1 ही सरळ रेषा. क्ष च्या किमती 3 आणि −4 बरोबर आल्या, मग मी त्या वर्तुळाच्या समीकरणात ठेवल्या आणि चार बिंदू लिहिले. तुम्ही आलेख कागदावर 10 सेंटिमीटरचं ते झाकण ठेवलंत, त्यावर त्या रेषेच्या जागी पट्टी तिरकी टाकलीत. “मोज, किती ठिकाणी कापते?” दोनच! (3, 4) आणि (−4, −3). (3, −4) वर्तुळावर होता, पण पट्टीपासून लांब. परत जायचं ते सरळ समीकरणातच, हे मला डोळ्यांनी दिसलं.

मग तुम्ही पट्टी हळूहळू वर सरकवलीत. य = क्ष + 1 मधल्या 1 च्या जागी 7 असताना जेमतेम कापली, 8 ला सुटली. रात्री घरी विवेचक काढून ताळा केला (वर्गसमीकरणाला किती उत्तरं हे सांगणारी संख्या; धन असेल तर दोन, ऋण असेल तर एकही नाही): 7 ला विवेचक 4, 8 ला −56. विवेचक म्हणजे पट्टी आणि झाकणाची गोष्ट आहे, हे कळल्यावर मला किती वेळ झोप आली नव्हती!

लेक यंदा अकरावीत आहे. परवा तिनेही चार बिंदू लिहिले आणि मी झाकण शोधायला स्वयंपाकघरात गेले. दिवाळीत चाळीसगावला येतोय. तिला तुमच्या पाया पडायला घेऊन येते.

तुमची विद्यार्थिनी