ताफ्यातील शेवटच्या गाडीच्या ताईंस अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या डोळ्यांवरील शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली आणि डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती आपण खरोखरच घेत आहात, हे कळल्यावर आम्हा सर्वांचा जीव भांड्यात पडला. या महिन्याचे वार्तापत्र काढण्याचे काम आपण माझ्यावर सोपवलेत आणि त्यासाठी आपली निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्या स्वाधीन केलीत. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या आपल्या क्लबाच्या वार्तापत्रात आजवर आम्हा प्रत्येकाचे नाव कधी ना कधी येऊन गेले आहे. कोणी गाडीला नवे टप बसवले, कोणाची गाडी चार वर्षांच्या डागडुजीनंतर पहिल्यांदा रस्त्यावर आली, कोणाच्या घरी नातवंड आले, हे सारे आपण आवर्जून छापलेत. आपले नाव मात्र शेवटच्या पानावर ‘कार्यवाह’ या शब्दापुढे येते, तेवढेच. अंक माझ्या हाती आहे तोवर ही उणीव भरून काढावी, या हेतूने हे पत्र सर्वांच्या साक्षीने लिहीत आहे.

आपली माझी पहिली भेट मला लख्ख आठवते. मी विकत घेतलेली एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी त्याआधी कित्येक वर्षे एका जागी उभी होती. १९६२ ते १९८० या काळात या मॉडेलच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि म्हणूनच तिचे सुटे भाग अजून मिळतात, एवढ्या माहितीच्या बळावर मी धाडस केले होते. रंग नवा होता, आसने नवी होती, तारांची चाके लखलखत होती आणि टायरही नवेच आहेत, असे विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते. पहिल्या सहलीच्या सकाळी आपण हजेरी घेत घेत माझ्या गाडीपाशी आलात, गुडघ्यावर बसलात, टायरच्या कडेवरची धूळ अंगठ्याने पुसलीत आणि तेथील लंबगोलात उमटवलेले चार आकडे मोठ्याने वाचलेत. शून्य, आठ, शून्य, तीन. म्हणजे २००३ सालच्या आठव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी जवळजवळ पूर्ण शिल्लक होती, पण आपण अंगठा दाबून रबर किंचित ताणून दाखवलेत, तेव्हा नक्षीच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा उघडल्या. गाडी धावली नाही तरी रबर म्हातारे होतच असते, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. आपण शांतपणे सांगितलेत की आज ही गाडी सहलीला येणार नाही, पण तिचा मालक मात्र येणार आहे. मी हिरमुसलो होतो, हे कबूल करतो. त्या टायरांवर उताराच्या रस्त्यावर काय घडू शकले असते, याचा विचार मी पुढे पुष्कळदा केला आहे, आणि त्या एका नकाराबद्दलचे आभार आजवर नीट मानले गेलेले नाहीत. ते येथे मानतो.

त्या दिवशी मी आपल्या ट्रायम्फ टीआर-४ मध्ये शेजारच्या आसनावर बसलो. इटालियन रचनाकार जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखलेली तिची ठसठशीत आकृती मी छायाचित्रांत पाहिली होती; बॉनेटखालचे इंजिन फर्ग्युसन ट्रॅक्टरला बसवलेल्या इंजिनाच्याच घराण्यातले आहे, हे आपण गाडी चालवता चालवता सांगितलेत आणि तो खर्जातला आवाज मला एकदम उमगला. आपण माझ्या मांडीवर मार्गपुस्तिका ठेवलीत. चौकटीत खाली एक ठिपका, वर एक बाण आणि अधेमधे फुटणाऱ्या रेषा. ठिपक्याच्या जागी आपण आहोत आणि बाणाच्या दिशेने जायचे आहे, एवढे समजले की भाषा न येणारा माणूसही वाट चुकत नाही. या खुणांना नेदरलँड्समधील ट्युलिप रॅलीवरून ट्युलिप असेच नाव पडले आहे. पहिल्या तीन वळणांना मी चुकलो, चौथ्याला बरोबर आलो. प्रत्येक सहलीच्या आधी त्या रस्त्याने आपण दोनदा जाऊन येता, एकदा वळणे मोजायला आणि एकदा सहलीच्या वेळेला रहदारी कशी असते ते पाहायला, हे मला त्या दिवशी कळले नव्हते. ते आता वहीतून कळले.

आपली गाडी ताफ्यात नेहमी शेवटी का असते, असे मी त्याच दिवशी विचारले होते. आपण उत्तर दिले नाहीत, पुढच्या चौकात प्रत्यक्षच दाखवलेत. सर्वांत पुढची गाडी वळली की तिच्या मागची दुसरी गाडी चौकापाशी सुरक्षित जागा पाहून थांबते आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवते. शेवटची गाडी दिसली की ती तिच्या पुढे ताफ्यात मिसळते. अशा रीतीने दर वळणावर दुसरी गाडी बदलत जाते आणि पहिली व शेवटची तेवढ्या आपापल्या जागी कायम राहतात. पुढची गाडी नजरेआड जाईल या धास्तीने कोणालाही वेग वाढवावा लागत नाही. साठ वर्षांपूर्वीचे ब्रेक आणि अरुंद टायर असलेल्या गाड्यांच्या बाबतीत ही गोष्ट किती मोलाची आहे, हे चालवणाऱ्यालाच कळेल. ही पद्धत इतरही अनेक क्लबांत आहे. पण तिचा सारा भरवसा शेवटच्या गाडीवर असतो आणि ती जागा कोणालाच हवीशी नसते, कारण तेथे पुढच्या सगळ्यांचा धूर खावा लागतो आणि मुक्कामी सर्वांत उशिरा पोहोचावे लागते. ती जागा आपण इतकी वर्षे सांभाळलीत.

त्या जागेचे महत्त्व मला पुढच्याच मोसमात अनुभवाला आले. नवे टायर घातलेली माझी गाडी भर दुपारी एका चढावर दोन आचके देऊन बंद पडली. पुढच्या गाड्या नियमाप्रमाणे निघून गेल्या आणि दोनच मिनिटांत आपली टीआर-४ आरशात दिसली. आपण बॉनेटला हात लावला नाहीत. आधी मागे बरेच अंतर चालत जाऊन लाल त्रिकोण उभा केलात, मला रस्त्यापासून दूर उभे केलेत, आणि मग स्वतः किल्ली पहिल्या खटक्यापर्यंतच फिरवून मला कान देऊन ऐकायला सांगितलेत. काहीच ऐकू येत नव्हते. तेच दुखणे होते. या गाडीचा एसयू बनावटीचा विजेवरचा इंधनपंप मागच्या उजव्या चाकाजवळ असतो. आतला विद्युतचुंबक पडदा ओढतो, ओढताच पॉइंट, म्हणजे विजेचे संपर्कबिंदू, उघडतात, स्प्रिंग पडद्याला परत ढकलते, आणि इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची वाटी भरेपर्यंत हे टकटक चालू राहते. पॉइंट जळून खडबडीत झाले की पंप मुका होतो. आपण स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या लाकडी मुठीने पंपाच्या अंगावर हलकेच दोन टोले दिलेत आणि आतून टक, टक, टक असा आवाज सुरू झाला. तो आवाज हळूहळू मंदावत थांबला, तेव्हा वाटी भरल्याची खूण पटली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागले. ही दुरुस्ती नाही, घरी पोहोचण्यापुरती मिळालेली मुदत आहे, अशी ताकीद आपण दिलीत आणि उरलेले सर्व अंतर माझ्या मागे राहिलात. त्यानंतरच्या अंकात पंपाचे पॉइंट कसे घासावेत, याची कृती छापून आली. त्यात ‘एका सभासदाची गाडी’ एवढाच उल्लेख होता. नवख्या माणसाची फजिती चारचौघांत होऊ नये, म्हणून आपण किती जपता, हे मला त्या तीन शब्दांत दिसले.

वार्तापत्रातील अशा कृती मी आता सलग वाचून काढल्या आहेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर पेडल अचानक पोकळ लागते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे, ही सूचना आपण दर दोन वर्षांनी नेमाने छापलीत. एसयू कार्ब्युरेटरच्या डोक्यावरची टोपी उघडून आतले तेल पाहायला आपण आम्हाला लावलेत, कारण ते आटले की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते आणि लोक उगाच प्लग बदलत बसतात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलामुळे जुन्या रबरी नळ्या मऊ होऊन पाझरू लागतात, हेही आपण वेळेत कळवलेत, आणि त्या एका टिपणामुळे किमान दोन गाड्या आगीपासून वाचल्या असाव्यात, असे माझे मत आहे. दोघा सभासदांनी टिपण वाचल्यावर बॉनेट उघडले, तेव्हा त्यांच्या नळ्यांतून पेट्रोल ठिबकत होते.

आता वहीविषयी. परवानगी नसताना कोणाची वही वाचणे बरे नव्हे, परंतु आपणच ती दिलीत आणि सभासदांच्या बातम्या त्यातूनच घ्यायला सांगितलेत. प्रत्येकासाठी एक पान आहे. एका पानावर लिहिले आहे, ‘डायनॅमो आहे; दिवे लावून हळू चालवल्यास बॅटरी उतरते; सूर्यास्तापूर्वी घरी.’ दुसऱ्यावर, ‘पेट्रोलचा काटा खोटा; दर दोनशे किलोमीटरला आठवण.’ तिसऱ्यावर, ‘एकटे येतात, परतल्यावर फोन.’ आपल्या सहली दिवस मावळण्यापूर्वी का संपतात, पेट्रोलसाठी थांबण्याची जागा ठरावीक अंतरावरच का येते आणि घरी पोहोचताच आपला फोन कसा वाजतो, या सगळ्याचा उलगडा मला एका संध्याकाळी झाला. आम्हाला वाटत होते की सहल आपोआप सुरळीत होते.

त्यातील एका पानाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. ऑस्टिन-हिली ३००० असलेल्या आपल्या ज्येष्ठ सभासदांना गुडघ्यामुळे क्लच दाबणे अशक्य झाले आणि त्यांनी गाडी विकून क्लबाचा निरोप घेतला, तेव्हा आम्ही सर्वांनी हळहळून तो विषय संपवला होता. आपण तो संपू दिला नाहीत. दर सहलीला ते कोणाच्या शेजारी बसणार, याचे वेळापत्रक त्या पानावर आहे, पुढच्या वर्षापर्यंतचे. माझ्या गाडीत ते दोनदा बसले. मार्गपुस्तिका वाचता वाचता त्यांनी मला वळणाच्या आधीच गिअर खाली आणून इंजिनाचा आवाज एकसारखा राखायला शिकवले, आणि परतताना त्यांनी आपणहून सांगितले की गाडी गेल्याचे दुःख आहे, पण रविवार गेले नाहीत. हे आपल्यापर्यंत पोहोचावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

एमएक्स-५ चा वाद तर सर्वांच्या स्मरणात आहे. १९८९ साली आलेल्या माझदाच्या या गाडीला अभिजात म्हणावे का, यावर सभा दोन तास चालली आणि मी स्वतः विरोधात बोललो होतो. ब्रिटनमधील व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३४ सालापासून आपल्या विषयाच्या मर्यादा कसोशीने पाळतो, मग आपणच सैल का व्हावे, असा माझा मुद्दा होता. आपण तो आदराने ऐकलात आणि मग दाखवून दिलेत की जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा गाडीला किमान तीस वर्षे वयाची अट मानते. आमच्यातील कित्येकांच्या गाड्या क्लबात आल्या, तेव्हा त्यांचे वय याहून कमी होते. एमएक्स-५ ला क्लबात घेण्याचा ठराव मंजूर झाला. त्या वर्षी दोन तरुण जोडपी आली. त्यांच्यापैकी एक मुलगी आता हाताने कार्ब्युरेटर जुळवते, आणि माझ्या गाडीचे दोन्ही कार्ब्युरेटर मागच्या महिन्यात तिनेच नळी कानाला लावून, हवेचा आवाज ऐकून एकमेकांशी जुळवून दिले. माझे त्या सभेतील मत चुकीचे होते, हे मी येथे नोंदवतो.

पुढील सहलीची मार्गपुस्तिका तयार आहे. रस्त्याने मी दोनदा जाऊन आलो आहे. अकराव्या वळणाशी एक फांदी दिशाफलकावर आली आहे, ती नोंद केली आहे. आदल्या दिवशीचे फोन वहीतील क्रमाने होतील. शेवटची गाडी त्या दिवशी माझी असेल, लाल त्रिकोण आणि लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर डिकीत ठेवला आहे. आपल्याला गाडी चालवण्याची मुभा अजून नसली तरी बसण्याची आहे, असे आपल्या घरून कळले. शेजारचे आसन आपल्यासाठी राखून ठेवले आहे. निघण्यापूर्वी टायरवरचे आकडे मात्र आपणच वाचावेत, अशी विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
लाल एमजीबीचा सभासद