विषय : ‘घर आणि लघुव्यवसायासाठी’ विकलेल्या प्रिंटरची वॉरंटी, लघुव्यवसाय केला म्हणून नाकारल्याबाबत

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनवरच्या ‘सिनियर’ साहेबांचा फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले. बिल, सिरियल नंबर, तक्रार क्रमांक, सगळं सोबत जोडलंय. प्रिंटर कसा आहे ते सांगत नाही, तुमचाच आहे.

स्क्रीनवर इंक पॅडचं, म्हणजे वाया जाणारी शाई टिपणाऱ्या आतल्या स्पंजचं, आयुष्य संपल्याचा संदेश आहे आणि छपाई बंद. टाक्या भरलेल्या, हेड ठीक, रोलर ठीक. तो स्पंज खरंच शाईने गच्च झालाय, की आतल्या काउंटरने ठरलेला आकडा गाठला म्हणून मशीनने संप पुकारलाय, हे तुमच्या माणसांनी उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही. जॉबशीटवर मात्र एका शब्दात निदान : ‘अतिवापर’.

अतिवापर कोणी केला? छापताना पांढरे पट्टे यायला लागले, म्हणून मी हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी आधी नोझल चेक करायला लावलं, मग हेड क्लीनिंग, मग परत हेड क्लीनिंग, मग डीप क्लीनिंग, आणि तेवढ्याने भागेना म्हणून ‘मॅडम, अजून एकदा करून बघा’. प्रत्येक वेळी शाई टाकीतून निघाली आणि कागदावर न येता थेट त्या स्पंजात गेली. वर आमच्याकडे वीज जाते-येते. दर वेळी चालू होताना तुमचं मशीन आधी स्वतःला धुऊन घेतं. छापलेली पानं म्हणाल तर स्टेटस शीटवर ११,००० च्या आसपास आहेत. वॉरंटी एक वर्ष किंवा ३०,००० पानं, यातलं जे आधी होईल ते. दोन्हींत मी आत आहे. बिलाला वर्ष झालेलं नाही.

आता त्या फोनबद्दल. मराठीसाठीचं बटण दाबूनही बोलणं हिंदीतच झालं, ते सोडून देते. साहेबांचा पहिला प्रश्न : प्रिंटर घरात आहे की दुकानात? मी म्हटलं, दुकानात. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. ‘मग कमर्शियल यूज झाला मॅडम, त्याला वॉरंटी नाही.’ मी म्हटलं, खोक्यावर ‘घर आणि लघुव्यवसायासाठी’ असं छापलंय, वाचून दाखवू? तर म्हणाले, लघुव्यवसाय म्हणजे घरून काम करणारे लोक, दिवसाला पाच-दहा पानं काढणारे. मी विचारलं, दिवसाला पाच पानं छापून कोणाचं पोट भरतं? यावर उत्तर आलं नाही, बासरी आली. तुमची ती होल्डवरची बासरी मला आता तोंडपाठ आहे.

बासरी थांबली आणि साहेब नवा शोध लावून आले. ‘मॅडम, आप कस्टमर नहीं हैं, आप ट्रेडर हैं.’ म्हणजे पैसे मोजताना मी कस्टमर होते, मशीन बंद पडल्यावर ट्रेडर झाले. मी आवाज चढवला नाही. मी फक्त विचारलं, हे मला लेखी द्याल का? तर म्हणाले, लेखी देण्याची सिस्टिम नाही. आणि मग, अगदी समजुतीच्या सुरात : ‘तुमच्यासारख्यांनी मोठं मशीन घ्यायला पाहिजे होतं.’ माझ्यासारख्यांनी! मी अजून फोनवर असतानाच मोबाइलवर मेसेज आला की, आपली तक्रार आपल्या समाधानानुसार बंद करण्यात आली आहे. साहेबांनी शेवटी विचारलं, ‘आणखी काही मदत करू शकतो का?’ आणखी! म्हणजे एक मदत होऊन गेली होती, ती माझ्याच लक्षात आली नव्हती.

त्या खोक्यावरचं चित्र एकदा तुम्हीच नीट बघा. ॲप्रन घातलेला हसरा दुकानदार, मागे फळीवर ओळीने बरण्या, काउंटरवर तुमचा प्रिंटर आणि त्यातून बाहेर येणारा रंगीत कागद. त्याला वॉरंटी मिळते का? की बरण्या बघितल्यावर तोही ट्रेडर ठरतो?

मोठं मशीन का घेतलं नाही, तेही ऐका. लेझर प्रिंटरचा फ्यूजर, म्हणजे कागदावर छाप पक्की करणारा हीटर, तापायला लागला की माझ्या दुकानाचा इन्व्हर्टर ट्रिप होतो. तुमचा इंक टँक एका बल्बइतक्या विजेवर चालतो. हे मला तुमच्या अधिकृत डीलरनेच सांगितलं आणि ते खरंही आहे. पानामागचा खर्च पैशांत येतो, फोटोही रंगीत निघतात. ‘ताई, तुमच्या दुकानाला हेच बेस्ट’, हे त्याचे शब्द. तुमच्याच वरच्या मॉडेलमध्ये या पॅडऐवजी वाया गेलेली शाई साठवणारा मेंटेनन्स बॉक्स असतो आणि तो ग्राहकाला स्वतः बदलता येतो, याबद्दल मात्र त्याच्या तोंडून अवाक्षर नाही. तुमच्या माहितीपत्रकातही नाही. तिथे एका बाटलीत किती हजार पानं, एवढंच ठळक. एका पॅडमागे किती, हे कुठे छापलंय ते दाखवा. दुकानासाठी मशीन निवडणाऱ्याने नेमकं हेच आधी विचारायला हवं, आणि नेमकं हेच तुम्ही सांगत नाही.

सर्व्हिस सेंटर म्हणतं, पॅड कन्झ्युमेबल आहे, त्याचे पैसे पडतील, व्हिजिट चार्ज वेगळा, आणि काउंटर शून्यावर आणायचं सॉफ्टवेअर फक्त आमच्याकडे. आमच्या कोपऱ्यावरचा रिपेअरवाला तेच काम चहा थंड व्हायच्या आत करून देतो. पण त्याने हात लावला तर म्हणे वॉरंटी जाईल. कुठली वॉरंटी? जी ट्रेडरला नसतेच, ती?

दहावी-बारावीचे निकाल लागलेत. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, हमीपत्रं, सगळ्यांना सगळं आजच पाहिजे. वर्षातला माझा हाच धंद्याचा हंगाम आहे आणि मी दारात आलेली गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात पाठवतेय.

ट्रेडर-कस्टमरचा वाद तुमच्या साहेबांनी काढलाय, तर कायदाही बघून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(७), त्याखालचं स्पष्टीकरण. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली आणि वापरलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोजली जात नाही. दुकानात मी एकटीच बसते, नोकर नाही. मी जिथे राहते तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मला तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि तक्रार सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. ऑनलाइन फॉर्म भरणं हाच माझा धंदा आहे, हे लक्षात असू द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर आधी नोंद करेन, मग आयोगाकडे. खोक्यावर एक छापून फोनवर दुसरं सांगणं याला तिथे काय म्हणतात, ते तुमच्या वकिलांना विचारा.

खरं सांगायचं तर राग पैशांचा कमी आहे. आमच्या भागात प्राथमिक शाळेचे गुरुजी, विमा एजंट, दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, कोणालाही प्रिंटर घ्यायचा असला की ते आधी मला विचारतात. इतकी वर्षं मी तुमचं नाव सांगत आले, एक पैसा कमिशन न घेता. तुमचं जुनं मशीन होतंच तसं. आता विचारतील त्यांना मी ही जॉबशीट दाखवणार आहे. काचेवर लावायची जागाही बघून ठेवलीय.

मागणी सरळ आहे. पॅड वॉरंटीत बदलून काउंटर रिसेट करून द्या, व्हिजिट चार्ज न लावता. ते जमत नसेल तर मेंटेनन्स बॉक्सवालं मशीन बदली द्या. तेही जमत नसेल तर नकार लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी द्या, आणि त्यात ‘ट्रेडर’ हा शब्द वापरायला विसरू नका. या महिनाअखेरपर्यंत वाट बघेन. फोन करू नका, लेखी कळवा.

आपली ग्राहक
(तुमच्या नोंदीप्रमाणे ट्रेडर)
तासगाव, जि. सांगली

ता. क. माणूस पाठवणार असाल तर रविवारी पाठवा. कचेरी चालू असताना मला मान वर करायला वेळ नसतो. आणि ‘आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल’ ही लिंक परत पाठवू नका, तिथे शून्य द्यायची सोय नाही.