शेजारच्या घरांच्या किल्ल्या

तुलूझ, १९ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, काल रात्री सुखरूप घरी पोचले. फोनवर नुसतं "बरी आहे" एवढंच म्हणाले, कारण बोलत बसले असते तर जे सांगायचंय ते राहून गेलं असतं. म्हणून हे पत्र. बाबा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. डोळ्यांना त्रास झाला तर दोन बैठकींत वाचा, पण आईला सगळं वाचून दाखवा.

गुरुवारी सकाळी सायकल घेऊन रेल्वेने फिजाकला गेले. इथल्या लोकल गाड्यांत सायकल फुकट नेता येते, डब्यातल्या आकड्याला चाक अडकवून उभी टांगायची. मागच्या कॅरिअरला दोन पिशव्या, त्यात कपडे, पंक्चरचं सामान आणि आई, तुझ्या मेतकुटाची पुडी. फिजाकहून रोकामादूर, तिथून खाली सेले नदीच्या खोऱ्यात, मग लोत नदीच्या काठाने काओरला आणि तिथून परत रेल्वेने घरी. पाच दिवसांत दोनशे किलोमीटरच्या आसपास झाले असतील.

फिजाकमध्ये पाऊल ठेवलं आणि बाबा, तुमचीच आठवण आली. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शाम्पोलियाँ इथे १७९० साली जन्मला. जुन्या घरांच्या मधल्या एका चौकात, एकच मजकूर तीन लिपींत कोरलेल्या रोझेटा शिलेची भलीमोठी प्रतिकृती काळ्या दगडात जमिनीवरच बसवली आहे. तिच्यावरून चालत जाता येतं. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत पायरी चढून जायचं. मी कडेला बसून पाव खाल्ला आणि ओटीवर चष्मा कपाळावर सरकवून लोकांची मोडीतली खतं वाचणारे तुम्ही डोळ्यांसमोर आलात. १८२२ मध्ये त्याला ती लिपी लागली, तेव्हा त्याचं वय जेमतेम एकतीस होतं.

फिजाक सोडलं की चढ लागतो. नदीच्या खोऱ्यातून वर पठारावर यायचं, मग पुन्हा खोऱ्यात उतरायचं, पुन्हा वर. मोठे घाट नाहीत, पण एकामागून एक येतात आणि सामानासकट सायकल चांगलीच जड होते. सगळ्यात लहान गिअरवर बसल्याबसल्या फिरवत राहायचं, उभं राहून जोर करायचा नाही, एवढं मला आता जमतं. या पठाराला इथे कोस म्हणतात (आपल्या कोसाशी त्याचा काही संबंध नाही). चुनखडीचा दगड, वर खुरटे ओक, आणि पाणी कुठेच नाही. पाऊस पडतो तो दगडातल्या भेगांतून थेट आत जातो आणि खाली गुहांतून नद्या वाहतात. जांभा नाही एवढंच, बाकी आपला कोकणातला कातळाचा सडाच. बाबा, दुपारच्या उन्हात सड्यावरून चालताना तुम्ही म्हणायचात, "पाणी आहे, फक्त आपल्या पायाखाली आहे." तेच इथे खरं आहे. सायकलवाले म्हणूनच एक खूण ठेवून असतात: गावात दुकान नसेल, पण दफनभूमी असतेच, आणि तिच्या दाराशी फुलझाडांसाठी नळ असतो. पिण्याजोगं नसेल तर तशी पाटी असते. मी तीनदा तिथेच बाटल्या भरल्या.

आई, रोकामादूर तुझ्यासाठी. खोल दरीच्या कड्याला चिकटून उभं गाव आहे: खाली घरं, त्यावर देवळं, सगळ्यात वर गढी. देवळापर्यंत २१६ पायऱ्या; जुन्या काळी यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढत. आत काळ्या लाकडाची मेरीची छोटीशी मूर्ती आहे आणि छताला लहान लहान जहाजं टांगलेली. समुद्र इथून कितीतरी लांब, तरी ही देवी खलाशांची. वादळातून वाचलेले लोक नवस फेडायला ती जहाजं देत. वर एक जुनी घंटा आहे. समुद्रावर कुणी वाचलं की ती आपोआप वाजते अशी श्रद्धा आहे. बंदरावर बोटींची वाट बघत उभ्या असलेल्या बायका मला आठवल्या. तुझ्या नावाने एक मेणबत्ती लावली.

आता जे लिहायला बसले ते.

शनिवारी रोकामादूरहून दक्षिणेला पठार ओलांडत होते. दुपारी मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, तीही पंधरा मिनिटांत बसली. टायरमध्ये घुसलेला काटा मला सापडलाच नव्हता. पाणी संपत आलं होतं. सायकल हातात धरून अर्धा तास चालले तेव्हा आठ-दहा घरांची एक वाडी लागली. सगळी घरं दगडी, देखणी, आणि सगळ्यांच्या खिडक्यांना लाकडी झडपा. एका कुंपणापाशी एक आजोबा पडलेली भिंत पुन्हा रचत होते. चुना नाही, सिमेंट नाही. नुसत्या दगडावर दगड. आपला गडगा, बाबा! खाली मोठे दगड, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, मधूनमधून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा, फटीत चिपा ठोकायच्या. तुम्ही मला दहा वर्षांची असताना परसात शिकवलं तेच, शब्द तेवढे फ्रेंच. पठारभर अशा भिंती आहेत आणि धनगरांसाठी तशाच रचलेल्या गोल खोपट्या. २०१८ साली युनेस्कोने या कलेची वारसा म्हणून नोंद केली, फ्रान्ससकट आठ देशांच्या नावे.

त्यांनी पाणी दिलं, परातीत ट्यूब बुडवून बुडबुडे बघितले, टायरमध्ये बोट फिरवून काटा काढला. वय ऐंशीच्या पुढे. मग म्हणाले, थांब, झडपा लावायची वेळ झाली. मी त्यांच्याबरोबर फिरले. एक घर, दुसरं, तिसरं. सहा घरं. मी विचारलं, एवढी सगळी तुमची? म्हणाले, माझं एकच, बाकीची शेजाऱ्यांची. शेजारी पॅरिसला, तुलूझला, ऑगस्टमध्ये येतात. रोज सकाळी हे उघडतात, संध्याकाळी लावतात. "बंद घराला ओल धरते," म्हणाले, "आणि वाटेने जाणाऱ्याला वाडी मेलेली दिसते." किल्ल्या त्यांच्या स्वयंपाकघरात, दाराच्या मागे, खिळ्यांना टांगलेल्या होत्या.

मला पुढे बोलता येईना.

गेल्या गणपतीत मी तुम्हाला काय म्हणाले होते, बाबा, ते मला शब्दन् शब्द आठवतं. "दुसऱ्यांच्या घरांची राखण किती दिवस करणार? विकून टाका आणि दादाकडे पुण्याला चला." तुम्ही काही बोलला नाहीत. उठलात, खुंटीवरच्या किल्ल्या काढल्या आणि शेजारच्या घरात दिवा लावायला गेलात. मला तेव्हा तो हट्ट वाटला. माझं चुकलं. मी जे म्हणाले ते मागे घेते.

हा लोत जिल्हा आपल्यासारखाच रिकामा झालेला आहे. १८५१ मध्ये इथे सुमारे २ लाख ९६ हजार माणसं होती, आज पावणेदोन लाखांच्या आसपास. आधी द्राक्षांच्या मुळांना कीड लागून मळे गेले, लोक शहरांकडे गेले, मग पहिलं महायुद्ध. प्रत्येक गावात त्या युद्धात गेलेल्यांचा स्तंभ आहे. चाळीस उंबऱ्यांच्या गावात एकच आडनाव तीनदा, चारदा कोरलेलं. तुम्ही मला लहानपणी साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीला, त्या सैनिकांच्या गावी, नेलं होतं, तसंच. मी प्रत्येक स्तंभापाशी सायकल थांबवून नावं वाचली.

तरी ही गावं उभी आहेत, कारण कुणीतरी मागे राहिलं. सें-सिर्क-लापोपीला हजारो प्रवासी येतात, नदीच्या वर कड्यावर ते आहेच तसं देखणं. पण मला ती निनावी वाडी जास्त महत्त्वाची वाटते. तिथे फोटो काढायला कुणी येत नाही आणि झडपा तरी रोज उघडतात.

काब्रेरेजवळ पेश मेर्लची गुहा पाहिली. १९२२ मध्ये गावातल्या पोरांनी शोधलेली. भिंतीवर ठिपक्यांचे दोन घोडे, सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचे. एकाचं डोकं दगडाच्या नैसर्गिक आकारातच बसवलेलं. बाजूला माणसाच्या हाताचे छाप. आपल्या कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती इथल्या लोकांना दाखवायला हवा असं सारखं वाटत होतं. काओरचा तीन बुरुजांचा पूलही पाहिला, १३०८ मध्ये बांधायला घेतलेला, पण तोवर माझं मन घरी पोचलं होतं.

तुमचं वय होतंय हे मी विसरलेले नाही. आईचे गुडघे, तुमचे डोळे, डॉक्टर लांब, पावसात रस्ता बंद. म्हणून घर विकण्याऐवजी घर राहण्याजोगं करू. न्हाणीघर आणि संडास घराच्या आत घेऊ, पायऱ्यांना कठडा, रात्री सोबतीला कुणी. खर्च मी करते. दादाशी मीच बोलते. त्याचाही जीव तुमच्यातच आहे, त्याला रागावू नका. तोवर कुणाकडूनही इसार घेऊ नका.

आगोटीची कामं निघाली असतील. परसातला ढासळलेला गडगा पाऊस संपेपर्यंत तसाच राहू दे. बाबा, एकट्याने चिरे उचलू नका. गणपतीला पंधरा दिवस आधी येते, दोघं मिळून रचू. त्या आजोबांनी मूठभर अक्रोड दिलेत, ते आईसाठी आणते.

आणि खुंटीवरच्या तीन किल्ल्यांपैकी कोणती कोणाच्या घराची ते मला ओळखता येत नाही. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधून ठेवा. मी असेन तेवढे दिवस घरं मी उघडीन.

तुमची,
शुभा