टॉर्चला न दिसणारी कीड

संपादक महोदय,

शाळा उघडल्या की दंततपासणीची शिबिरे लागतात. मुलामागे अर्धा मिनिट, तोंडात टॉर्च, काळा खड्डा दिसला तर नोंद, नाहीतर शेरा ‘दात चांगले’. पण कीड काळी जन्मत नाही, पांढरी जन्मते.

दातावरच्या चिकट थरातले जंतू साखरेपासून आम्ल करतात. पीएच (हे माप जितके कमी, तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातली, खनिजे विरघळू लागतात. वरचा पापुद्रा मात्र शाबूत राहतो, त्याखालचा भाग सच्छिद्र होतो. हाच तो खडूसारखा डाग. दात ओला असताना छिद्रांत पाणी असते, त्यामुळे डाग लपतो. कापसाने लाळ टिपून पाच सेकंद हवा मारली की तो उमटतो. वाळवल्यावरच दिसणारा डाग बहुधा इनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्यातला. ओल्या दातावरही दिसला तर कीड खोल गेली, कधी इनॅमलखालच्या मऊ थरापर्यंत, म्हणजे डेंटिनपर्यंत. त्यात टोकदार प्रोब खुपसू नये. पापुद्रा फुटला की खड्डा झालाच. तो शाबूत असेपर्यंत लाळेतले कॅल्शियम-फॉस्फेट आणि पेस्टमधले फ्लोराइड ती जागा पुन्हा कडक करू शकतात. (यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडयुक्त पाण्याचे पांढरे पट्टे वेगळे: ते डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात. किडीचा डाग हिरडीलगत किंवा दाढेच्या खाचेत असतो.)

इनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, डेंटिनमध्ये ७० च्या आसपास. डेंटिनमधले बाकीचे म्हणजे कोलॅजन हे प्रथिन आणि पाणी. म्हणून इनॅमल टिकते अशा सौम्य आम्लातही डेंटिन विरघळते. दोन्हींच्या सीमेवर पोहोचलेली कीड आडवी पसरते. वर सुईएवढे भोक, आत पोखरलेली दाढ! मग एखादे दिवशी चणा चावताना इनॅमलचे छत कोसळते आणि बोल लागतो चण्याला.

इनॅमलला संवेदना नाही, त्यामुळे तोवर काहीच दुखत नाही. डेंटिनच्या सूक्ष्म नळ्या उघड्या पडल्या की गोड-थंडाने सळक येते. कीड सावकाश असेल तर दात आतून नवे डेंटिन रचून नस वाचवू पाहतो, आणि ती सळकही वर्षानुवर्षे येत नाही. रात्री आपोआप ठणका सुरू झाला तर बहुतेकदा नसच सुजलेली असते. तिथे सिमेंट भरून भागत नाही, रूट कॅनल करावे लागते. लवंगेचे तेल फक्त बधिर करते.

शिबिरात कापूस आणि हवा मारायचा रबरी फुगा ठेवायला फारसा खर्च नाही. पहिली नजर सहाव्या वर्षीच्या दाढेकडे जावी. ती दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, एकही दात न पडता येते, म्हणून पालक तिलाही दुधाचीच समजतात. तिच्या खोल खाचा सीलंटच्या संरक्षक लेपाने वेळीच बुजवता येतात. आणि तपासणीच्या कार्डावर ‘खड्डा’ या रकान्याशेजारी ‘पांढरा डाग’ असा रकाना छापावा.

– एक दंतवैद्य, सातारा