चाचा, तो गोळा तुमचा

प्रिय चाचा,

नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची सूनबाई शिलाई मशीन बाजूला ठेवून हे पत्र तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. खरं तर घरी येऊन तोंडानंच आभार मानता आले असते. पण ते मग आपल्या दोघांतच राहिलं असतं, आणि माझी चूक झालीय ती चारचौघांत.

चूक अशी. गेल्या महिन्यात आमच्या शाळेत मोठ्या बाईंचा निरोप समारंभ झाला. मी घरून तीन डबे नेले होते. एकात पावाची लादी, एकात लसूण-कोथिंबिरीचे बन, एकात गूळ-वेलदोड्याचे रोल. पंधरा मिनिटांत डबे रिकामे. मग सुरू झालं, कुठल्या बेकरीतून आणलंस गं? म्हटलं, घरी केलंय. शिकलीस कुठे? आणि मी बया म्हणाले, "असंच, यूट्यूबवर बघून बघून."

तोंडातून निघून गेलं. घरी येऊन डबे घासताना मात्र तुमच्या मनगटावरचा तो भट्टीचा जुना डाग डोळ्यांपुढे आला आणि लाज वाटली. तर त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्यांनी वाचावं म्हणून हे उघड पत्र. यूट्यूबवर बघून मी दोन वर्षं विटा भाजल्या. पाव करायला शिकवलं ते पस्तीस वर्षं बेकरीची भट्टी सांभाळलेल्या चाचांनी.

विटांची गोष्ट बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. २०२०च्या लॉकडाउनमध्ये बेकऱ्या बंद झाल्या आणि मी हौसेनं ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन, घेतला. नंतर एका दिवसाचा एक क्लासही केला. तिथून सतरा पाककृतींच्या झेरॉक्स मिळाल्या. पिझ्झ्याचं पीठ वेगळं, बनचं वेगळं, डोनटचं वेगळं, प्रत्येकात एखादी अशी पावडर की जी फक्त त्या क्लासवाल्या बाईंकडेच विकत मिळणार. घरी येऊन केलं की काहीच फुगायचं नाही. चुकलं काय हे विचारायला फोन केला, तर "तुमचा मैदा चांगला नसेल" एवढं उत्तर. मैदा बदलला, दुकान बदललं, वीट तीच.

मग तो ब्लाउजचा दिवस. सूनबाई मापं घेत होती आणि मी तिच्यापुढं रडगाणं लावलं होतं. तुम्ही आतल्या खोलीत पलंगावर पेपर वाचत बसला होतात. पेपर खाली न घेताच आतून आवाज आला, "दूध उकळतं घातलं असशील." मी म्हटलं, उकळतं नाही, चांगलं गरम होतं. "मग मारलंस की त्याला. यीस्ट जितं असतं, पोरी. आंघोळीच्या पाण्यापेक्षा कोमट पाहिजे."

एवढंच होतं! साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतं, आणि मी प्रत्येक वेळी वाफाळत्या दुधात त्याचा जीव घेत होते. सतरा कागदांवर कुठंही ते लिहिलेलं नव्हतं. सगळीकडे आपलं "गरम दूध".

त्यानंतर तुम्ही घरी आलात तो रविवार मी कधी विसरणार नाही. ओट्यावर मी वाट्या, चमचे, मापाचे कप सगळा संसार मांडून ठेवला होता. तुम्ही ते सगळं एका हातानं बाजूला सारलंत आणि विचारलंत, "काटा आहे का?" नशीब, होता. अर्धा किलो मैदा, ५ ग्रॅम सुकं यीस्ट, १० ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम लोणी, आणि दूध-पाणी मिळून ३१० मिली. मी लिहून घेत होते. तुम्ही म्हणालात, लिहू नको, मैदा शंभर धर आणि बाकीच्याचा हिशेब त्यावर कर. मीठ दोन, यीस्ट एक, साखर सहा, चरबी आठ, पाणी बासष्ट. मग मैदा पाव किलो असो नाहीतर पोतंभर. गणिताच्या बाईला शतमान शिकवायला भट्टीवरचा माणूस यावा लागला, हे आमच्या सहावीच्या वर्गात मी आता दरवर्षी सांगते. (ही एक गोष्ट मात्र मी तुमच्या नावानिशी सांगते हं.)

मग मळणं. पीठ हाताला चिकटायला लागलं तसा माझा हात सवयीनं मैद्याच्या डब्याकडे गेला आणि तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारलीत. चिकटतंय म्हणून कोरडं पीठ टाकत राहिलीस तर वीटच होणार, झाक आणि चहा टाक. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर तोच लगदा गुळगुळीत झालेला. पाणी मुरलं की मैद्यातलं ग्लुटेन आपलं आपण जुळायला लागतं, निम्मं मळणं न मळताच होतं. उरलेलं दहा मिनिटं तुम्ही मळून दाखवलंत. तळव्याच्या उंचवट्यानं पुढं लोटायचं, दुमडायचं, पाव वळसा फिरवायचं. शेवटी लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांवर हळूहळू ताणलात. तो फाटला नाही. पातळ होत होत पडद्यासारखा झाला आणि खिडकीचा उजेड त्यातून आरपार दिसला. तुमची बोटं पलीकडून सावलीसारखी दिसत होती. मी कणीक पंचवीस वर्षं मळतेय, चाचा. पिठातून उजेड दिसतो हे मला माहीत नव्हतं.

पण खरा धडा पीठ दुप्पट फुगल्यावरचा. मी विचारलं, आता हे पावाचं झालं, पिझ्झ्याचं कसं करायचं? तुम्ही हसलात. सुरीनं गोळ्याचे चार भाग केलेत. एकाचे छोटे गोळे तोडून ताटलीत एकमेकांना खेटून मांडले, ते पाव. एकात लसूण-कोथिंबीर-मिरची दडपली, ते खारे बन. एक लाटला, त्यावर लोणी, किसलेला गूळ आणि वेलची पसरून गुंडाळी केली नि वड्या कापल्या. चौथा तेलाचा हात लावून डब्यात घालून फ्रीजमध्ये. "हा परवा काढ. लाटून तव्यावर टाक, वर झाकण. पिझ्झा म्हण, नान म्हण, काय म्हणायचं ते म्हण." गोळा एकच. सतरा कागद मी त्याच संध्याकाळी रद्दीत दिले.

दोन दिवसांनी तो फ्रीजमधला गोळा पहिल्या दिवसाच्या पावापेक्षा चवीला सरस निघाला. गारठ्यात यीस्ट हळू चालतं आणि चव धरायला वेळ मिळतो, असं तुम्ही नंतर सांगितलंत. आता शुक्रवारी रात्री मळून ठेवते, शनिवार-रविवार त्यातूनच कापत राहते. मैदा नको वाटला तर निम्मी कणीक घालते. चक्कीचं पीठ आणि त्यातला कोंडा पाणी जास्त पितो, म्हणून तीन-चार चमचे पाणी वाढवते. साताऱ्याच्या डिसेंबरात गोळा फुगायला रुसला की बंद ओटीजीत उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवून त्याच्या शेजारी निजवते. पिठात बोट खुपसून बघायचं, खळगा सावकाश भरत आला तर तयार, टुणकन वर आला तर अजून वेळ. हे सगळं तुमचं.

त्या दिवशी माझ्या मुलानं मध्येच पचकून विचारलं होतं, आजोबा, पायानं मळतात म्हणून पाव म्हणतात ना? तुमचा चेहरा जो उतरला! पस्तीस वर्षं हातानं मळलं, तेवढंच म्हणालात. मी त्याला नंतर बसवून सांगितलं की हा शब्द पोर्तुगीजांच्या भाषेतून आला, तिथं पाव म्हणजे भाकर, बाकी काही नाही. गोव्यात यीस्ट मिळत नव्हतं तेव्हा तिथले पाववाले, पोदेर, माडाच्या सुरेनं पीठ फुगवायचे, हेही सांगितलं. त्याला दुसरी गोष्ट जास्त आवडली, अर्थातच.

तुम्ही बोलता बोलता सांगितलेलं भट्टीचं वेळापत्रक मला सगळ्यात आवडतं. लाकडं जाळून निखारे ओढून काढले की पहिल्या तडाख्यात कडक पाव, मग लादी, ताप उतरला की केक आणि नानकटाई, आणि पार शेवटी, रात्रभर, कापलेल्या गोड पावाचे टोस्ट वाळत पडायचे. एकदा पेटवलेली भट्टी उतरता उतरता सगळ्यांची पोटं भरायची. मी ओटीजीवर तेच करते. आधी २०० अंशांवर पाव, सोळा-सतरा मिनिटं, लगेच वरून लोणी आणि ओलसर फडकं. मग १६५ वर नानकटाई. टोस्टला मात्र तसं जमत नाही, भट्टीची वीट ताप धरून ठेवते, ओटीजीचा पत्रा ठेवत नाही. म्हणून तुम्ही सुचवलेला लोखंडी तवा खालच्या जाळीवर असतोच, तरी टोस्टला तासभर मंद आंच द्यावी लागते. २०२५च्या जानेवारीत मुंबईत उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बंद करून गॅसवर किंवा विजेवर जायला सांगितलं. धुराचं म्हणणं खरंच आहे, त्या धुरानं तुमच्या छातीचं काय झालं ते मी ऐकते ना. पण बातमी वाचून आधी आठवला तो तुमच्या हातातला लांब दांड्याचा फावडा.

आणि नानकटाई. इथं मला थोडं मागं जायला हवं. दिवाळीच्या आधी आई मला घेऊन भट्टीवर यायची, रवा-मैदा-साखर-तूप आपलं, भाजणावळ किलोमागं. बायका फळीभोवती बसून गोळे वळायच्या, प्रत्येकीच्या पत्र्यावर नंबराची चिठ्ठी. आईची नानकटाई दरवर्षी पसरायची, पार पुरीसारखी, आणि बाकीच्यांची टम्म. हे मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही क्षणभर बघत राहिलात आणि म्हणालात, "साजूक तुपाची बाई!" पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गिऱ्हाइकं तुम्हाला तुपावरून आठवतात. डालडा तापातही जरा वेळ धरून राहतो, साजूक तूप लगेच पातळ होतं. आई पातळ तूप आणायची, आणि तुम्ही सांगून सांगून थकलात की वहिनी, रवाळ, थिजलेलं आणा.

आता तेच करते. थिजलेलं तूप एक भाग आणि पिठीसाखर एक भाग पांढरं होईपर्यंत फेसायचं, त्यात दोन भाग पीठ, त्यातला पाव हिस्सा बेसन, चिमटीभर सोडा. गोळे वळून अर्धा तास फ्रीजमध्ये, मग भाजायचं. बाहेर काढल्यावर मऊ लागते म्हणून पहिल्या खेपेला मी पुन्हा आत घातली आणि काळी केली. गार झाली की कडक होते, ते तुम्ही सांगायचं विसरलात. ही एकच तक्रार. साखर निम्मी करून मीठ-जिरं घातलं की खारी बिस्किटं, बेसनाऐवजी नाचणी घातली की धाकट्याचा डबा. पसरत नाही आता. आईला कराडला पाठवली तर तिचा फोन आला, "डालडा घातलास ना गं?"

केकच्या बाबतीत तुम्ही हात वर केलेत, तो माझा माल नाही म्हणून. तरी तुमचाच धडा तिथं लावला. दीड कप मैदा, पाऊण कप पिठीसाखर, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, असं कोरडं चाळून तीन बरण्यांत भरून ठेवते. पाहुणे आले की एका बरणीला एक कप दही आणि अर्धा कप तेल, घट्ट वाटलं तर जरा दूध, आणि १७५ वर पस्तीस मिनिटं. संत्र्याची साल किसून घातली तर एक, कोको घातला तर दुसरा. पावसाळ्यात पावडर मरते, म्हणून जूननंतर भरण्याआधी चमचाभर गरम पाण्यात टाकून बघते, फसफसली तरच.

शाळेच्या ग्रुपवर हे पत्र टाकतेय. मोठ्या बाईंनाही वेगळं पाठवलंय.

एक अडचण उरलीच आहे. लादीतल्या मधल्या दोन पावांच्या कडा अजून ओलसर राहतात, कडेचे छान भाजतात. जास्त वेळ ठेवले तर वरून करपतात. गुरुवारी मला दुपारची सुट्टी आहे, चार वाजता या. पीठ मळून ठेवते.

सूनबाईच्या हाती एक डबा देतेय, आत नानकटाई आहे, आईच्या तुपाची, थिजलेल्या. डबा पितळी आहे आणि आमचा नाही. एका दिवाळीत भट्टीवर बदलला गेला, असं आई चाळीस वर्षं म्हणतेय, आणि माझ्या भट्टीवर डबा कधी बदललाच नाही, असं तुम्ही म्हणता. झाकणावर कुणा दुसरीचंच नाव कोरलंय. चष्मा लावून बघा, ओळख पटते का.

तुमची,
साजूक तुपाच्या बाईंची मुलगी