वैमानिकाला नाटकात जागा दे

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

ब्रिटिश नाट्यसमीक्षक केनेथ टायननवरच्या तुझ्या नाटकाचा पहिला अंक सलग वाचून काढला. संवाद खणखणीत आहेत. त्याचं अडखळत बोलणं तू कुठेही हसण्यावारी नेलेलं नाहीस, हे फार आवडलं. पण पडदा पडतो तो 13 नोव्हेंबर 1965 च्या रात्री. बीबीसीच्या टीव्ही कार्यक्रमात तो ती 'एफ'वाली इंग्रजी शिवी उच्चारतो, खासदार खवळतात आणि प्रेक्षकाला वाटतं, संपलं सेन्सॉरचं राज्य. हे मला पटलं नाही. अरे, नाटकांना परवाने देणाऱ्या लॉर्ड चेंबरलेनचा अधिकार रंगमंचापुरता होता, टीव्हीवर त्याची सत्ताच नव्हती! त्या रात्री गदारोळ झाला, पण नाटकांचे परवाने दुसऱ्या दिवशीही पूर्वीसारखेच मागावे लागत होते.

तो जाच दाखव ना. 1737 च्या कायद्यापासून सार्वजनिक प्रयोगाआधी संहिता राजदरबारच्या या अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी लागायची. बेकेटचं 'एंडगेम' घे. एक पात्र प्रार्थना करून पाहतं, काही घडत नाही, तेव्हा चिडून देवाला शिवी हासडतं आणि तो नाहीच म्हणतं. 1957 साली हे नाटक लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात फ्रेंचमध्ये बिनबोभाट झालं. तेच इंग्रजीत करायचं म्हटल्यावर त्या एका ओळीवर परवाना अडला आणि शिवी सौम्य केल्यावरच मिळाला. यावर तुझा एक प्रवेश सहज उभा राहील. टेबलाच्या एका बाजूला निळी पेन्सिल, दुसऱ्या बाजूला एकेका शब्दासाठी घासाघीस करणारे नाटकवाले.

टायननचं खरं बळ त्याच्या समीक्षेत होतं, असं मला वाटतं. राग चेतवा, डिवचा, ओरबाडा, वावटळ उठवा, असं त्यानं टेबलासमोर टाचून ठेवलं होतं, ते तू घेतलंयस. पण 'ऑब्झर्व्हर' वृत्तपत्रात 1956 साली ऑस्बर्नच्या 'लुक बॅक इन अँगर'साठी तो ज्या जिवाच्या आकांतानं उभा राहिला, ते तुझ्या अंकात एका वाक्यात उरकलंय. नुसत्या डिवचण्यानं माणूस एवढा लढत नाही. त्याला नाटक जिवापाड आवडत होतं, ते दिसू दे.

आता दुसऱ्या अंकाचं. तिथे 'सोल्जर्स' हवंच. जर्मन नाटककार होखहुथच्या या नाटकात पोलंडचे पंतप्रधान सिकोर्स्की यांच्या मृत्यूमागे चर्चिलचा हात असल्याचं सुचवलं होतं. 1943 साली जिब्राल्टरला सिकोर्स्कींचं विमान कोसळलं होतं. टायनन तेव्हा नट-दिग्दर्शक ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरचा साहित्य सल्लागार. 1967 साली नाटक अडवलं ते थिएटरच्याच संचालक मंडळानं. अध्यक्ष लॉर्ड चँडॉस स्वतः चर्चिलच्या युद्धकाळातल्या मंत्रिमंडळात होते. म्हणजे इथे घरच्यांशीच भांडण! पुढे 26 सप्टेंबर 1968 ला नवा कायदा लागू झाला, लॉर्ड चेंबरलेनची कात्री गेली आणि डिसेंबरात 'सोल्जर्स' लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागात लागलं.

इथेच थांबलास तर टाळ्या मिळतील. पण त्या अपघातातून वाचलेला एकटा वैमानिक, एडवर्ड प्रचाल, जिवंत होता रे. कटात सामील असल्याचा डाग त्याच्यावर पडत होता. तो कोर्टात गेला आणि 1972 साली निकाल त्याच्या बाजूनं लागला. त्याला स्टेजवर आण. त्याला चार वाक्यं दे, आणि ती टायननच्या वाक्यांइतकीच तोलामोलाची दे.

तू म्हणशील, यानं माझ्या नायकाचा पाय घसरतो. घसरू दे की. सेन्सॉर असता तर नाटक प्रयोगाआधीच मेलं असतं आणि प्रचालला उघडपणे उत्तर द्यायची वेळच आली नसती. इथे नाटक लोकांपुढे आलं, ज्याच्यावर आळ आला त्यानं दाद मागितली, कोर्टानं ती ऐकली. टायनन ज्यासाठी झगडला, त्याची किंमतही अशी दिसते. नायक बरोबर ठरावा म्हणून तू त्या माणसाला विंगेत ठेवलंस, तर ती तूच केलेली कापाकापी होईल.

दुसऱ्या अंकाचा कच्चा खर्डा असेल तसा पाठव. शुद्धलेखनाच्या चुकांवर आत्ता बोलणार नाही.

तुझी,
आई